लहान मूल आपल्या निरर्थक लकबीसुद्धा उचलतं, म्हणजे ते डोकं वापरत नाही का?

तुमची तीन वर्षांची मुलगी तुमच्या बिनकामाच्या लकबीही जशाच्या तशा उचलते, त्यामुळे ती विचार न करता नुसती नक्कल करतेय की काय, अशी तुम्हाला शंका आहे. माझं उत्तर ठाम ‘नाही’ असं आहे.

व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हायटन या संशोधकांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यात चिंपांझींना आणि मुलांना आधी करून दाखवलं: पेटीच्या वरच्या भोकात काठी खुपसायची, मग समोरचं झाकण उघडून आतला खाऊ काढायचा. वरच्या भोकाचा खाऊशी काहीही संबंध नव्हता. पेटी अपारदर्शक होती तेव्हा चिंपांझींच्या पिल्लांनी दोन्ही गोष्टी केल्या. पारदर्शक पेटी समोर आल्यावर मात्र त्यांनी वरचं भोक सोडलं आणि सरळ खाऊ काढला. तीन-चार वर्षांच्या मुलांना आतलं सगळं दिसत होतं, तरी ती आधी वर काठी खुपसतच राहिली.

म्हणजे चिंपांझी हुशार आणि आपली पोरं भोळी? मला तसं वाटत नाही. माणसाच्या बहुतेक कामांचं कारण नुसतं बघून कळतच नाही. हात धुताना साबण का लावायचा? जंतू कुठे दिसतात! अशा जगात मोठ्यांवर विश्वास ठेवून आधी सगळं उचलायचं, कारण मागाहून समजेल, हाच शहाणपणा आहे.

आणि मुलं निवडही करतात. २००२ सालच्या एका प्रयोगात चौदा महिन्यांच्या बाळांसमोर एक बाई कपाळ टेकवून दिवा लावायची. हात मोकळे असूनही तिने कपाळ वापरलं, तेव्हा ६९ टक्के बाळांनी कपाळच टेकवलं. तिचे हात अंगाभोवतीची चादर धरण्यात गुंतलेले होते, तेव्हा फक्त २१ टक्क्यांनी. बाकीच्यांनी सरळ हात वापरला. बोलताही न येणारं बाळ ‘हिने असं का केलं असेल’ हे ताडतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

मी चष्मा पुसण्याआधी काचेवर ‘हाऽऽ’ करून वाफ सोडतो. माझी लेक तिच्या खेळण्यातल्या चष्म्यावर तसंच करायची, आणि त्याला तर काचाच नव्हत्या. एकदा घाईत मी चष्मा नुसताच सदऱ्याला पुसला. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला, माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, “बाबा, हाऽऽ राहिलं.”