आरटीई प्रवेशांवर अभ्यास सुरू करताय? मग आधी एवढं करा

विषय छान निवडलात. आधी २००९ चा मूळ शिक्षण हक्क कायदा (आरटीई) वाचा, विशेषतः कलम १२(१)(ग): खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी. मग महाराष्ट्राची फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना बघा. सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना तिने सूट दिली होती; मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती रद्द केली. 'शाळा निवडायचा हक्क कुणाला?' हा प्रश्न तिथे उघडा दिसतो.

नवखे हमखास चुकतात ते तुलनेत. आरटीईतून लागलेल्या मुलांची तुलना थेट जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांशी करू नका. अर्ज भरण्यासाठी धडपडणारे पालक मुळातच वेगळे असतात. सोडतीत नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं शेजारी ठेवा. सोडत नशिबावर चालते, म्हणून ही तुलना खरी.

शिवाय:
- नुसते प्रवेश मोजू नका. तिसरी-चौथीपर्यंत किती टिकली ते पाहा.
- फक्त मुख्याध्यापकांना भेटून थांबू नका. आईला विचारा: गणवेश, बस, सहलीचा खर्च कोण करतं?

आकडेमोडीची भारी तंत्रं सध्या बाजूला ठेवा. एकच तालुका घ्या आणि कामाला लागा. अडलात तर बिनधास्त विचारा.