भावाच्या फोनमध्ये काय असावं?

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या चुकतात. मोबाइलवरचं एखादं ॲप उपयोगी पडेल का?
— एक ताई, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर: ताई, पडेल, पण डॉक्टर आणि गोळ्यांच्या जोडीला, त्यांच्या जागी नाही. अमेरिकेत ड्रॉर बेन-झीव्ह यांच्या गटाने ‘फोकस’ नावाचं ॲप केलं. ते दिवसातून तीनदा झोप, मनःस्थिती, गोळ्या, कानात येणारे आवाज यांची विचारपूस करून तिथल्या तिथे उपाय सुचवतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३३ जणांनी ते महिनाभर वापरलं. या आजाराच्या माणसांना हे जमत नाही, हा समज सोडाच.

तुम्ही साध्या गजरापासून सुरुवात करा. झोपेची नोंद भावानेच करावी. झोप उडणं ही अनेकदा आजार उलटण्याची पहिली खूण असते. ती नोंद डॉक्टरांना दाखवा.

एक मात्र कळकळीने सांगते. त्याच्या नकळत फोनमध्ये पाळत ठेवणारं काहीही घालू नका. आपल्यावर कुणाची तरी नजर आहे, ही भीती याच आजारात छळते. ती तुम्हीच खरी करून दाखवाल आणि मग गोळी तुमच्या हातून तो का घेईल?

अडीअडचणीला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली, तर थेट रुग्णालय गाठा.