बॉन्डेड फेज: कार्बनच्या आकड्यावर भुलू नका

मिश्रणातली संयुगं वेगळी करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीच्या कॉलमसाठी सिलिकावर सी-१८, म्हणजे अठरा कार्बनची साखळी, रासायनिक बंधाने चढवणाऱ्यांकडून (अशा थराची सिलिका म्हणजेच बॉन्डेड फेज) पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात, म्हणून इथे एकत्र उत्तरं देतो.

डब्यातली सिलिका थेट वापरली तर चालेल?
नाही. व्हॅक्यूममध्ये १५० अंश सेल्सिअसला रात्रभर वाळवा आणि कोरड्या नायट्रोजनखाली थंड करा.

सी-१८ जोडायला मोनोक्लोरोसिलेन (एका क्लोरीनचं) घ्यावं की ट्रायक्लोरोसिलेन (तीन क्लोरीनचं)?
पहिल्यांदाच करत असाल तर मोनो. त्याचा रेणू सिलिकाशी एकच बंध करू शकतो, त्यामुळे थर दरवेळी सारखा येतो. दोन्हींतून हायड्रोजन क्लोराइड सुटतो. फ्यूम हूडबाहेर बाटली उघडू नका आणि आधी प्रयोगशाळेच्या सुरक्षा अधिकाऱ्याशी बोला.

विक्रेता म्हणतो, फेजच्या वजनात कार्बन जितका जास्त तितकी ती चांगली. ट्रायक्लोरोसिलेन वापरून आमचा कार्बन २४ टक्के आला, तरी आलेखातली पीक (एकेका संयुगाचे उंचवटे) रुंद येतात. असं का?
हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. नुसता कार्बनचा टक्का काहीच सांगत नाही. मोनोक्लोरोसिलेनने दर चौरस मीटरला ३ मायक्रोमोल सी-१८ बसवलं, तर ग्रॅमला ३०० चौरस मीटर पृष्ठभाग असलेल्या सिलिकावर कार्बन साधारण १७ टक्के भरतो आणि १०० चौरस मीटरच्या सिलिकावर जेमतेम साडेसहा. थर दोन्हीकडे तितकाच दाट! तेव्हा विक्रेत्याला पृष्ठभाग किती ते विचारा. तो सांगत नसेल, तर त्याचा टक्का बाजूला ठेवा.

तुमच्या २४ टक्क्यांत मला पाण्याचा वास येतो. ओलाव्यात ट्रायक्लोरोसिलेनचे रेणू आपसातच जोडले जातात आणि त्यांचं पॉलिमर छिद्रांत साचतं. कार्बन वाढतो, पण छिद्रं अरुंद होतात, रेणूंची ये-जा मंदावते आणि पीक पसरतं. अभिक्रियेच्या द्रावकाची, टोल्युइनची, बाटली कधी उघडली होती? 'कालच तर उघडली' हे उत्तर मला चालत नाही, त्यातलं पाणी कार्ल फिशरने (पाणी मोजण्याच्या अनुमापनाने) मोजा. बॉन्डिंगच्या आधीचा आणि नंतरचा नमुना नायट्रोजन अधिशोषणासाठी (छिद्रं मोजण्याच्या चाचणीसाठी) द्या, आणि छिद्रांचं आकारमान किती घटलं ते जाणकाराकडून समजून घ्या. त्याआधी दुसरा घाणा लावू नका.

एंडकॅपिंग, म्हणजे उरलेल्या जागा छोट्या रेणूंनी झाकणं, टाळलं तर?
सिलिकावर दर चौरस मीटरला सुमारे ८ मायक्रोमोल सिलॅनॉल (सिलिकॉनला जोडलेले ओएच गट) असतात. सी-१८ इतकं जाडजूड, की त्यातले निम्मेही त्याच्या वाट्याला येत नाहीत. उरलेल्यांवर अमाइन, म्हणजे अल्कधर्मी संयुगं, अडकतात आणि पिकाला शेपूट फुटतं. ट्रायमिथाइलक्लोरोसिलेन किंवा हेक्झामिथाइलडायसिलाझेनने काही झाकले जातात, सगळे नाहीत. तुमची संयुगं आम्लधर्मी असतील तर निकड कमी, पण ठरवण्याआधी पद्धत बसवणाऱ्याला विचारा.

पीएच १० चा बफर चालेल?
साध्या सिलिकावर नाही, ८ च्या वर ती विरघळू लागते.

पिरिडिन घालून केलेली अभिक्रिया शुक्रवारी संपली, पावडर सोमवारी धुतली तर?
कशाला थांबता? सुटलेला हायड्रोजन क्लोराइड पिरिडिन धरून ठेवतं आणि त्याचं क्षार छिद्रांत बसून राहतं. गाळल्या गाळल्या टोल्युइन, मग डायक्लोरोमिथेन, मग मिथेनॉल, शेवटी मिथेनॉल-पाणी. शेवटच्या धुवणात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाका. पांढरट ढग दिसला, तर क्लोराइड उरलंय, अजून धुवा.