साठ हजारांचा क्लास लावू का?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी बीएस्सी कॉम्प्युटर केलंय, वय २३. दोन वर्षं झाली उदगीरला एका सीसीटीव्हीच्या दुकानात कामाला आहे, केबल ओढणं, कॅमेरे लावणं, राऊटर बसवणं हेच. मला नेटवर्किंगमध्ये जायचंय. पुण्यातले एक क्लासवाले सीसीएनए (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा) प्लस पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचे मिळून साठ हजार मागतायत. घरून पैसे मागायची लाज वाटते. आणि माझं इंग्लिश पण कच्चं आहे. काय करू? – एक वाचक

उत्तर : अरे, आधी एक सांग, क्रिम्पिंग करताना, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग बसवताना, तारांचा पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा हा क्रम हाताला पाठ आहे ना? मग शून्यापासून नाहीयेस तू. इंजिनिअरिंग करून आलेल्या कित्येकांनी क्रिम्पिंगची पक्कड हातात धरलेली नसते.

साठ हजार आत्ता नको. सिस्कोच्या नेटवर्किंग ॲकॅडमीवर फुकट अकाउंट उघड, तिथून पॅकेट ट्रेसर (कॉम्प्युटरवरच खोटं नेटवर्क उभं करायचं सॉफ्टवेअर) उतरवून घे, साध्या लॅपटॉपवर पण चालतो, त्यात राऊटर आणि स्विच (एका नेटवर्कमधली यंत्रं जोडणारा डबा) जोडून कमांड मारायच्या, बिघडलं तर फाईल बंद करून परत सुरू. व्हिडिओसाठी यूट्यूबवर जेरेमीज आयटी लॅबचा सीसीएनए कोर्स आहे, पूर्ण आणि फुकट, आणि बहुतेक धड्यांना लॅब (करून बघायचा सराव) आहे. नुसते व्हिडिओ बघत बसू नकोस, मी ती चूक केलीये, सगळं समजल्यासारखं वाटतं आणि हातात काहीच येत नाही.

सबनेटिंगला, म्हणजे नेटवर्कमधल्या यंत्रांच्या आयपी पत्त्यांचे छोटे गट पाडायला, घाबरतात सगळे. तुझ्याच कामातलं घे ना, ५० कॅमेरे आहेत, /२६ आकाराचा गट पुरेल का? एकूण ६४ पत्ते, पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना एकदम निरोप धाडायचा), उरले ६२, म्हणजे पुरतं, आणि पुढचं नेटवर्क ६४ पासून सुरू. रोज दहा गणितं वहीत, कॅल्क्युलेटर नको. परीक्षेची फी ३०० डॉलर वर टॅक्स आहे आणि नापास झालास की परत भरायची, तेव्हा लॅब न बघता जमायला लागल्याशिवाय तारीख घेऊ नकोस.

आता पर्सनॅलिटीचं. टाय बांधून 'हॅलो गुड मॉर्निंग' म्हणायला शिकवतात त्याला मी तरी पैसे देणार नाही. आमच्याकडे नेटवर्किंगमध्ये लागतं ते लिहिणं. 'नेट बंद होतं, चालू केलं' हे तिकीट (तक्रारीची नोंद) नाही. तिकीट असं पाहिजे : बिलिंगच्या पीसीला १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी येत होता म्हणजे डीएचसीपीचं (आपोआप आयपी वाटणाऱ्या सर्व्हिसचं) उत्तर मिळत नव्हतं, स्विचचं ७ नंबर पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर पाडलेल्या वेगळ्या नेटवर्कमध्ये) होतं, बदललं, आता १९२.१६८.१०.२३ मिळाला, प्रिंट काढून बघितली. यात अवघड इंग्लिश कुठेय? आजपासून दुकानातल्या प्रत्येक कॉलचं असं चार ओळीत लिही, आधी मराठीत, मग मोडक्या इंग्लिशमध्ये, सहा महिन्यांत वही भरेल. तीच इंटरव्ह्यूला ने.

माझंच सांगते. पहिल्या नोकरीत रात्री दोनला ट्रंकवर (दोन स्विचमधली, अनेक व्हीलॅन नेणारी लाइन) एक नवीन व्हीलॅन टाकायचा होता, कमांडमध्ये 'अलाऊड व्हीलॅन' नंतर 'ॲड' लिहायचं राहिलं, आधीची यादी पुसली गेली नि अख्खा मजला बंद. हातपाय गार. यादी परत टाकली आणि लगेच सिनियरला पाच ओळींचा मेल केला, किती वाजता काय झालं, कुणामुळे (माझ्यामुळे), कधी सुरू झालं. इंग्लिश भयंकर होतं त्या मेलचं. पण कस्टमरचा फोन यायच्या आधी मेल पोचलेला होता, म्हणून सरांनी फक्त एवढंच विचारलं, कॉन्फिगचा (सेटिंगचा) बॅकअप घेतला होतास का. नव्हता घेतला.

क्लास लावायचाच झाला तर चार महिन्यांनी बघ. तेव्हा आधी जाऊन विचार, एका बॅचला खरे स्विच किती आणि पोरं किती.