मुलीच्या एम.एस्सी.साठी एकरभर धानाचं शेत विकावं का?

भाऊ, पत्र दोनदा वाचलं. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात ५ एकर धानाची शेती, पतसंस्थेत ३ लाखांची एफडी, आणि बी.एस्सी. झालेली मुलगी. तिला डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत एम.एस्सी. करून उजाड जंगलं, मेलेले तलाव पुन्हा उभे करण्याच्या नियोजनात शिरायचंय. तिच्या हिशेबाने खर्च ४ लाख. एक एकर विकू का, असं विचारता.

नका विकू. पण मुलीला अडवूही नका.

'झाडं लावायला डिग्री कशाला?' असं गावात म्हणतात, तुम्हीही लिहिलंय. तुमच्याच भागातले मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, बघा ना. बेशरमाची झुडपं माजली, गाळ भरला, मासोळी घटली. जेसीबी लावून नुसता खड्डा केला तर पाणी साठतं, पण मासे अंडी घालतात तो उथळ काठच जातो. बेशरम कुठून काढायचं, कोणत्या देशी पाणवनस्पती लावायच्या, हे आधी मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांसोबत बसून ठरवावं लागतं. तेच तिचं काम. चंद्रपूर-वणीकडे कोळसा खाणींना खाण बंद करताना जमीन कशी सावरायची याचा आराखडा द्यावाच लागतो, सामूहिक वनहक्क (गावाने मिळून जंगल सांभाळायचा हक्क) मिळालेल्या ग्रामसभांनाही जंगलाचा आराखडा लागतो.

मला खटकतं ते पगाराचं. यातल्या बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पापुरत्या. निधी संपला की काही महिने घरी.

म्हणून कर्ज काढा. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत. १० टक्के व्याज आणि ७ वर्षं धरली तर हप्ता ६,६४० रुपयांच्या आसपास, तोही शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने. मधल्या काळातलं व्याज तुम्ही भरत राहा (पूर्ण रक्कम उचलल्यावर महिन्याला ३,३०० च्या जवळपास), नाहीतर ते मुद्दलात चढतं.

एफडी तिच्या रिकाम्या महिन्यांसाठी राहू द्या. फक्त मुदत संपली की ती बँकेत हलवा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो.

आणि प्रवेशाआधी दोन महिने तिला एखाद्या तलावाच्या कामावर जाऊ द्या. नकाशांसाठीचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तेही शिकेल. चिखल तुडवूनही ती डेहराडूनच म्हणाली, तर तिला सोबत घेऊनच बँकेत जा. कर्जदार ती असेल, तुम्ही सहकर्जदार.