डिसेंबरमध्ये केर्न्सला जावं का?

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सला जातोय. तिकिटं काढून झाल्यावर कळलं, की त्या दिवसांत तिथल्या समुद्रात विषारी जेलीफिश असतात. मुलगी अकरा वर्षांची आहे, पाणी दिसलं की तिला धीर धरवत नाही. सासूबाई सोबत आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. बेत रद्द करावा का?

उत्तर : अजिबात नको. फक्त दिसेल त्या किनाऱ्यावर पळत पाण्यात शिरायचं, हा विचार घरीच सोडून निघा.

जेलीफिशची भीती खरी आहे. साधारण नोव्हेंबर ते मे हा तिथला ‘स्टिंगर सीझन’. म्हणजे तुम्ही ऐन हंगामात पोचताय. दोन प्राणी लक्षात ठेवा. पहिला बॉक्स जेलीफिश. तो जवळजवळ पारदर्शक असतो, त्याचे धागे तीन मीटरपर्यंत लांब होतात आणि मोठा दंश काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. दुसरा इरुकांजी, जेमतेम नखाएवढा. त्याचा डंख आधी किरकोळ वाटतो. मग अर्ध्या-पाऊण तासात पाठ, पोट, हातपाय असह्य दुखू लागतात, घाम फुटतो, उलट्या होतात, रक्तदाब चढतो. ही लक्षणं नेमकी कशाने होतात, हे शोधण्यासाठी केर्न्सचे डॉक्टर जॅक बार्न्स यांनी 1961 मध्ये तो इवलासा जीव पकडून स्वतःला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आणि एका जीवरक्षकाला डंख करवून घेतला. तिघांनाही रुग्णालयात न्यावं लागलं. पुढे त्या जेलीफिशच्या शास्त्रीय नावात बार्न्स यांचंच नाव आलं. मुलाला त्यात ओढायला नको होतं, असं मला आजही वाटतं. पण त्या किनाऱ्यावरचे लोक या विषयाकडे किती गांभीर्याने बघतात, ते यावरून कळेल.

म्हणूनच तिथे सोयही चोख आहे. शहराच्या उत्तरेला पाम कोव्ह, ट्रिनिटी बीच अशा किनाऱ्यांवर हंगामात पाण्यात जाळीचं कुंपण घालतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये, त्या जाळीच्या आतच पोहायचं. मी जानेवारीत पाम कोव्हला होते, तेव्हा जीवरक्षक सकाळी कमरेएवढ्या पाण्यातून एक बारीक जाळं ओढत नेत होते आणि त्यात काय आलं ते वाकून निरखत होते. इरुकांजी सापडला की किनारा बंद. असं झालं तर हुज्जत घालू नका, कारण मोठ्या कुंपणाच्या जाळीतून तो सहज आत येतो. त्यामुळे जाळीच्या आतही मुलीला अंगभर लायक्राचा स्टिंगर सूट घालाच. तो भाड्याने मिळतो आणि उन्हापासूनही वाचवतो.

किनाऱ्यावर जागोजागी व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या दिसतील. डंख झालाच तर त्या जागी किमान तीस सेकंद व्हिनेगर ओता. त्वचेला चिकटलेल्या ज्या डंखपेशी अजून फुटलेल्या नसतात, त्या त्याने निकामी होतात. चोळायचं नाही, गोड्या पाण्याने धुवायचं नाही. दोन्हींनी त्या पेशी फुटतात. आणि लगेच 000 ला फोन. हे मुलीलाही आधीच समजावून सांगा, अकरा वर्षांच्या मुलांना नीट कळतं.

खुद्द केर्न्स शहरात पोहण्याजोगी पुळण नाही, हे बऱ्याच जणांना तिथे गेल्यावर कळतं. ओहोटीला एस्प्लनेड या किनाऱ्यालगतच्या रस्त्यासमोर लांबवर नुसता चिखल उघडा पडतो. सासूबाईंना तिथल्या सपाट फरसबंदीवरून सकाळी फिरवून आणा. सैबेरियाकडून आलेले पाणपक्षी त्या चिखलात चोची खुपसत असतात, पेलिकन तर अगदी जवळून दिसतात. चिखलात मात्र कुणी उतरायचं नाही. मगरींचे इशारे देणारे फलक शोभेचे नाहीत. पोहण्यासाठी त्याच रस्त्याला 2003 मध्ये बांधलेला मोठा लगून आहे : गाळलेलं खारं पाणी, उथळ कड, वाळू, जीवरक्षक, आणि प्रवेश फुकट. तिथे ना जेलीफिश, ना मगर. मुलीची रोजची हौस तिथेच फिटेल.

खरा समुद्र बघायचा तो बोटीने जाऊन, ग्रेट बॅरियर रीफवर. बॉक्स जेलीफिश हा मुख्यतः किनाऱ्यालगतचा प्राणी, त्यामुळे बाहेरच्या प्रवाळांवर तो धोका फारच कमी. सूट तिथेही देतात, तो घाला. बाहेरच्या रीफला जायला दीड-दोन तास लागतात आणि बोट हलते. सासूबाईंसाठी मी ग्रीन आयलंड सुचवेन. 27 किलोमीटरवर आहे, पाऊणएक तासात पोचता, झाडीतून लाकडी पायवाट आहे आणि काचेच्या तळाच्या बोटीत बसून त्यांना कोरड्या कपड्यांत प्रवाळ बघता येतील.

पावसाचं म्हणाल तर तो येणारच. अशा दिवशी कुरांडा या डोंगरातल्या गावाला जा. जाताना 1891 पासूनची डोंगरातली रेल्वे, येताना वर्षावनावरून साडेसात किलोमीटरचा रोपवे. वाटेतला बॅरन धबधबा पावसाळ्यातच खरा कोसळतो, कोरड्या हंगामातल्या फोटोंमध्ये तो कातळावरून ओघळतो इतकंच. चक्रीवादळाचा विचार मात्र करून ठेवा. डिसेंबर 2023 मध्ये ‘जॅस्पर’नंतरच्या पुराने केर्न्सचा विमानतळसुद्धा बंद पडला होता. हवामानामुळे झालेला खोळंबा भरून देणारा प्रवासविमा घ्या आणि घेताना ते कलम स्वतः वाचा.

रीफची फेरी पहिल्या दोन दिवसांतच ठेवा. वाऱ्यामुळे बोट रद्द झाली, तर हाताशी दुसरा दिवस उरतो. सासूबाईंना बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी द्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. त्यांची रक्तदाबाची वगैरे औषधं चालू असतील, तर कोणती गोळी चालेल ते इथूनच डॉक्टरांना विचारून घ्या.