बोटीवरच्या जीपीएसचा अलार्म झोपेत ऐकू येत नसेल तर

आधी मॅन्युअलमधलं वायरिंगचं पान उघडा. बऱ्याच जीपीएस युनिटच्या पॉवर केबलमध्ये बाहेरच्या अलार्मसाठी, म्हणजे बझर किंवा सायरनसाठी, वेगळी वायर असते. तिचा रंग कंपनीगणिक बदलतो, तेव्हा अंदाजाने जोडू नका.

नवखे फसतात ते इथे: ही वायर सहसा १२ व्होल्ट देत नाही, अलार्म वाजला की ती फक्त निगेटिव्हला टेकते. म्हणून बझरची लाल वायर १ अँपिअरच्या फ्यूजमधून बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि काळी युनिटच्या अलार्म वायरला जोडा. बझर डीसीवर स्वतः वाजणारा हवा. नुसती पिझो चकती एकदा 'टक्' करून गप्प बसते.

त्या वायरला किती करंट झेपतो, तो आकडा मॅन्युअलमध्ये बघाच. छोटा पिझो बझर १०-३० मिलिअँपिअरमध्ये भागतो आणि केबिनमध्ये तेवढा पुरतो. सायरन मात्र थेट लावलात तर युनिटमधला ट्रान्झिस्टर जळेल. मधे रिले (छोट्या करंटवर चालणारा स्विच) घाला, पण गाडीचा नको, त्याची कॉइलच दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास ओढते. कॉइलच्या दोन टोकांमध्ये १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावा, पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे. उलटा लागला तर अलार्म वाजताच शॉर्ट होऊन युनिटमधला ट्रान्झिस्टर जळू शकतो.

रिले आणि सायरन होकायंत्रापासून लांब बसवा, आतल्या चुंबकाने सुई भरकटते. जोडांवर गोंदवाली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा. शेवटी नांगराच्या अलार्मची त्रिज्या (बोट किती सरकली की तो वाजायचा, ते अंतर) अगदी कमी ठेवून तो वाजवून बघा, बिछान्यात पडून आणि इंजिन चालू असताना. युनिटची पॉवरच गेली तर हा बझरही मुका राहतो, हे विसरू नका.